शिट्टी-विकृती

वैजयंतीआत्या येणार म्हटल्यावर घरातल्या चौघांनीही आपापल्या परीने तयारी केली. दादारावांनी हॉलमधली पुस्तकं उंचीप्रमाणे लावली. शीलाने डब्यांची झाकणं पुसली. सिद्धांतने टीव्हीवरचे नाचगाण्याचे चॅनेल पार शेवटच्या आकड्यांवर नेऊन लपवले. आणि क्रांतीने, आत्या असेपर्यंत जिन्यात शिट्टी वाजवायची नाही, असं स्वतःला बजावलं. नागपूरच्या कन्याशाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन आत्यांना बरीच वर्षं झाली होती; पण त्या शाळेपुरत्याच निवृत्त झाल्या होत्या, हे भावाच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यात यावेळचं येणं साधं नव्हतं. मंगळवारी क्रांतीच्या ओठाचं ऑपरेशन होतं. पोरगी जन्मली तीच वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. नागपुरात तान्हेपणी घातलेले टाके जखम चिघळून सुटले, मग ती तीन वर्षांची झाल्यावर दिल्लीत ओठ पुन्हा शिवला. ती शिवण टिकली, पण डावीकडे जराशी वर ओढलेलीच राहिली. तोंड मिटलं तरी तिथे एक फट उघडी राहायची आणि फटीतून दात डोकवायचा. दिल्लीच्या थंडीत ती कड सुकून फुटायची, रक्त यायचं. गरम चहा प्यायला गेलं की हनुवटीवर ओघळ. वाढ पुरी झाली की शेवटची दुरुस्ती करू, असं डॉक्टर वृंदा ती प्राथमिक शाळेत असल्यापासून सांगत आल्या होत्या. आता ती वीस वर्षांची होती, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आणि तारीख मिळाली होती.

रविवारी सकाळी धुक्यामुळे दक्षिण एक्स्प्रेस निजामुद्दीनला रखडत आली. दादाराव आणि सिद्धांत नवी कोरी गाडी घेऊन स्टेशनवर हजर होते. जयभीम झाला, बॅगा डिकीत गेल्या, आत्या पुढच्या सीटवर बसल्या आणि पुलावरून खाली यमुनेकडे बघत म्हणाल्या, "नदी म्हणायची का ही?"

"म्हणतात बा," सिद्धांत म्हणाला.

"आणि तुमचं ते कॉम्प्युटरचं संकट? एक तारखेला सगळं बंद पडणार होतं म्हणे."

"वायटूके? काहीच नाही झालं, आत्या. आम्ही ऑफिसात रात्रभर बसून पिझ्झा खाल्ला."

"त्याचाही पगार मिळतो का?" असं विचारून आत्यांनी तो विषय संपवला. मग मागे वळून भावाला म्हणाल्या, "दादाराव, बरं केलंस तू. शेवटी तिच्या शिट्टीचा बंदोबस्त करतोयस."

दादारावांना वाटलं, ताई थट्टा करतेय. ते "हं हं" म्हणाले. बहिणीने आयुष्यात कधी थट्टा केली नव्हती, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण सेक्टर बासष्टचं वळण आलं आणि ते ताईला नव्या सोसायट्या दाखवण्यात गुंगले. ही इमारत बँकवाल्यांची, ही रेल्वेवाल्यांची, आणि ती पिवळी दिसतेय ती इमारत नाही, सरसोंचं शेत आहे, पण पुढच्या वर्षी तिथेही इमारत होईल.

घरात शीला पातोडीचा रस्सा करत होती. सून म्हणून या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, दिल्लीच्या शाळेत तिने निम्मी नोकरी केली, तरी नणंद आली की तिच्या हाताला थोडं जास्त तिखट पडायचं. आत्यांनी हातपाय धुतले, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना हात जोडले, मग स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसल्या आणि चेहरा न बदलता दालचिनी कमी पडल्याचं सांगितलं.

तेवढ्यात जिन्यात शिट्टी वाजली.

एक बुटका सूर, त्याच्यामागे एक उंच. क्रांती दही आणायला खाली गेली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर तिचे ओठ आपोआपच गोल व्हायचे. आरके पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असल्यापासूनची सवय, स्वतःला कितीही बजावलं तरी ओठांना ते ऐकू गेलं नव्हतं.

आणि स्वयंपाकघरातून लगेच उत्तर गेलं. आधी उंच, मग बुटका.

"शीला, शिट्टी झाली गं, गॅस बंद कर," हॉलमधून दादाराव म्हणाले. वर्तमानपत्र खाली न करता.

"केला," शीला म्हणाली. तिने वाजवण्यापुरतं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. दारातल्या आत्यांना फक्त तिची पाठ दिसत होती. गॅसवर रस्सा होता. कुकर केव्हाच उतरला होता. हे असं वर्षानुवर्षं चाललं होतं: लेक जिन्यातून शिट्टी घालायची, आई आतून उत्तर द्यायची, आणि दादाराव गॅस बंद करायला सांगायचे. कुकर भलत्या वेळी वाजतो म्हणून त्यांनी दोनदा त्याचं रबर बदलून आणलं होतं. शीलाने दोन्ही वेळा आभार मानले होते.

"तुमचा कुकर बारीक बोलतो," आत्या म्हणाल्या.

"छोटा आहे ना, ताई."

दार उघडून क्रांती आत आली, स्कार्फ नाकापर्यंत गुंडाळलेला, हातात दह्याची पिशवी. आत्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून वर केला, स्कार्फ खाली ओढला आणि ओठाकडे नीट निरखून बघितलं. क्रांतीला अशा बघण्याची सवय होती. डॉक्टर बघायचे, बसमधल्या बायका बघायच्या. आत्यांचं बघणं मात्र वह्या तपासल्यासारखं असायचं, आणि तेच तिला बरं वाटायचं. त्यात कीव नसायची.

"होईल," आत्या म्हणाल्या. "सगळं नीट होईल."

जेवायला पाचही जण एकदम बसले. टेबलावर रस्सा, भाकरी, कांदा, आणि मधोमध भाताचा कुकर, झाकण काढलेला. आत्यांनी क्रांतीच्या ताटात पातोडी वाढली.

"खा पोटभर. मंगळवारनंतर पेज प्यायचीय. आणि शिट्टीचा तर कायमचाच निकाल."

"कसला निकाल?" क्रांतीने विचारलं.

"अगं, त्याच्यासाठीच ना हे ऑपरेशन? दादारावनेच फोनवर सांगितलं. क्रांतीला शिट्टी-विकृती आहे, डॉक्टर ती काढून टाकणार. मला तर बापा, फोन ठेवल्यावर रडू आलं. इतकी वर्षं मी या पोरीला रागावले, आणि तो आजार होता!"

सिद्धांतला रश्शाचा ठसका लागला. शीलाने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या, जरा जोरातच.

दादाराव केंद्राच्या एका मंत्रालयात अनुवाद अधिकारी होते. इंग्रजी कागद आला की त्याचं हिंदी करून पुढे पाठवायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की आता घरातलं बोलणंही ते सहीला पाठवल्यासारखं बोलत. डॉक्टरांनी तपासताना 'व्हिसल डिफॉर्मिटी' असा शब्द वापरला होता. दादारावांनी तो ऐकला, मनात त्याचं भाषांतर केलं आणि रात्री एसटीडीवरून नागपूरला पोचवलं.

"ताई, तो डॉक्टरी शब्द आहे," ते म्हणाले. "तोंड मिटल्यावर ओठात जी फट राहते, ती शिट्टी वाजवताना राहते तशी दिसते. म्हणून व्हिसल. वाजवण्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि डिफॉर्मिटीला विकृतीच म्हणतात. सरकारी शब्दावलीत तसंच आहे."

"विकृती!" क्रांतीने भाकरी खाली ठेवली. "दादा, न्यूजमध्ये विकृत कोणाला म्हणतात माहितीये ना तुम्हाला?"

"अगं, संदर्भ वेगळा..."

"खाच म्हणायचं," आत्या कडाडल्या. सगळी चूक आता भावाच्या नावावर गेली होती. "ओठाला खाच आहे. इतका साधा मराठी शब्द असताना विकृती काय!"

"खाज?" क्रांती म्हणाली. "मला कुठे ओठाला खाज आहे?"

"खाज नव्हे, खाच! च! माय वं, दिल्लीने या पोरांचं मराठी खाल्लं."

आता सगळेच हसले, क्रांतीही हसली, आणि शीलाला वाटलं, निभावलं. तिने भात वाढायला घेतला. पण आत्यांनी आयुष्यभर वर्ग सांभाळले होते; धड्याचा मुद्दा हसण्यात निसटलेला त्यांना चालत नसे.

"ते असू द्या. पण खाच बुजली की शिट्टी जाईल ना?"

हा प्रश्न क्रांतीने डॉक्टर वृंदांना एकटीने, बाकीचे बाहेर गेल्यावर विचारला होता. डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवून सरळ उत्तर दिलं होतं. ते उत्तर तिने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

"जाऊ शकते," ती म्हणाली. "मी शिट्टी त्या फटीतूनच वाजवते. ती बंद झाली की हवा वेगळी जाणार. परत येईल की नाही, डॉक्टरना पण नाही माहीत."

शीलाच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला.

"मग चांगलंच की!" आत्या म्हणाल्या. "ओठही नीट होईल आणि ती सवयही जाईल. राग मानू नकोस, क्रांती. आपण चार लोकांत गेलो की लोक आधी आपली चूक शोधतात. मी सगळी नोकरी पदराची पिन न ढळू देता केली. दुसऱ्यांच्या मुलींनी शिट्ट्या मारल्या तर लोक त्यांना खोडकर म्हणतील. आपल्या मुलीने मारली तर काय म्हणतील, ते मी इतकी वर्षं ऐकलंय."

हे आत्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. आणि नेमकं तेव्हाच सिद्धांतला वाटलं की वातावरण हलकं करावं.

"आणि टायमिंग पण परफेक्ट आहे," तो म्हणाला. "मार्चमध्ये माझा आणि अक्षताचा साखरपुडा. तोपर्यंत सूज उतरेल. फोटो एकदम मस्त येतील."

"कोणाचे फोटो?" क्रांतीने विचारलं.

"तुझे, यार. म्हणजे सगळ्यांचेच."

"अक्षताच्या घरी मी अशी चालत नाही का?"

"चालतेस! बिल्कुल चालतेस. मी फक्त..." सिद्धांतने आईकडे पाहिलं, आई भाताकडे बघत होती. त्याचं बहिणीवर खरंच प्रेम होतं. क्वार्टरमध्ये तिला 'होंठकटी' म्हणणाऱ्या पोरांशी मारामारी करून त्याने स्वतःचा एक दात अर्धा घालवला होता.

क्रांती उठली. "वा. म्हणजे आत्याला शिट्टी नको, सिद्धूला फोटो पाहिजे आणि दादांना अनुवाद. ओठ माझा आहे ना पण? मी मंगळवारी जात नाहीये."

ती हात न धुताच गच्चीवर निघून गेली. चपलांचा आवाज जिन्यातून वर चढत गेला.

मग खाली जे व्हायचं ते झालं. दादाराव सिद्धांतला म्हणाले, फोटोचं काढायची काय गरज होती. सिद्धांत म्हणाला, विकृती कोणी आणली घरात? आत्यांनी आधी भावाची बाजू घेतली, "मोठ्यांशी असं बोलतात का?" म्हणून, मग भाचा गप्प बसलेला पाहून त्याची घेतली, "तो लहान आहे, तू तर शिकलेला आहेस" म्हणून. सिद्धांत एवढ्यात वडिलांच्या बाजूला जाऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, तुम्ही तरी कशाला काढलं शिट्टीचं?" दोन भाकऱ्या संपेपर्यंत प्रत्येक जण प्रत्येकाच्या विरुद्ध एकदा तरी गेला होता. शीला तेवढी कोणाच्याच बाजूला नव्हती, म्हणून तिला कोणी विचारलंही नाही.

शीलाने हात धुतले. पदराला पुसले. ती आता 'चला, जेवा' म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं. ती बाल्कनीच्या दारात गेली, गच्चीच्या दिशेने मान वर केली आणि ओठ गोल केले.

उंच सूर. मग बुटका.

"शीला, गॅस..." दादाराव म्हणाले, आणि थांबले. कुकर त्यांच्या पुढ्यात होता. झाकण काढलेला. त्यात भात होता.

गच्चीवरून उत्तर आलं नाही. शीलाने पुन्हा वाजवली.

"शीला!" आत्या म्हणाल्या.

"कुकर नव्हता, ताई," शीला म्हणाली. "कधीच नव्हता. शिट्टी मीच शिकवली तिला. दुसऱ्यांदा टाके घातल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओठांना कसरत द्या, फुगे फुगवायला द्या. फुगा फुटला की पोरगी थरथर कापायची. मग मी शिट्टी सुरू केली. लहानपणी आमराईत शिकले होते, माझ्या आईने दोनदा मारलं होतं त्यापायी. तुम्हाला आठवतं, एका उन्हाळ्यात तुम्ही तिच्याकडून 'बदक', 'पतंग', 'मका' घोकून घेतलं होतं?"

"आठवतं तर! माझ्यामुळेच तिचे प, ब, म सुधारले. मी सगळ्या शाळेत सांगितलं होतं."

"तुमच्यामुळेही, ताई. पण ओठाला ओठ लावायची ताकद त्या शिट्टीने आली. तोवर तिला 'आई' म्हणता यायचं, कारण त्याला ओठ मिटावे लागत नाहीत. 'बाबा' म्हणता यायचं नाही. म्हणून ती यांना दादा म्हणायला लागली. यांना एकदा तरी 'बाबा' अशी हाक ऐकू यावी म्हणून मी स्वयंपाकघरात तिच्याबरोबर शिट्ट्या मारत बसायचे."

हे दादारावांना नवीन होतं. आपली मुलगी आपल्याला दादा म्हणते ते दादाराव नावावरून, लाडाने, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांनी ऑफिसातही अनेकांना सांगितली होती.

"पण ती तर मला अजून दादाच म्हणते," ते म्हणाले.

"सवय," शीला म्हणाली आणि वर गेली.

गच्चीवर ऊन होतं आणि वारा होता. पाण्याच्या टाक्यांच्या आडोशाला क्रांती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर सरसोंच्या शेतात एका बिल्डरने मोठा बोर्ड उभा केला होता. त्यावर एक गोरं कुटुंब दात दाखवून हसत होतं. आई शेजारी येऊन बसली तेव्हा क्रांती बोर्डकडे बघत म्हणाली, "सगळ्यांसमोर वाजवलीस?"

"वाजवली."

"आत्याने काय केलं?"

"बघितलं नाही मी. घाबरले होते."

क्रांतीला हसू आलं. मग तिचे डोळे भरून आले, दोन्ही एकदम. "मी वाजवणारच होते उत्तर. पण मग वाटलं, मंगळवारनंतर नाही आली तर? आई, शिट्टी गेली तर तुला कळणार कसं मी आले ते?"

"बेल आहे की."

"बेल कोणीपण वाजवतं."

शीलाने लेकीचा फुटलेला ओठ पदराच्या टोकाने टिपला. खरं तर तिलाही तीच भीती जेवताना भाताच्या डावासकट गिळावी लागली होती. घरात तिला सगळे काही ना काही विचारत, चहा कुठे, चावी कुठे, मोजे कुठे. आणि रोज एक पोरगी दोन सुरांत फक्त एवढंच विचारायची: आहेस का? या घरात शीलाचं स्वतःचं म्हणून जे होतं, त्यात हे सगळ्यात वरचं होतं. पण हे आत्ता सांगितलं तर पोरगी ऑपरेशनला कधीच जाणार नाही, हेही तिला कळत होतं.

"आत्या सोड, फोटो सोड," ती म्हणाली. "मी पण बाजूला. तुला काय पाहिजे?"

क्रांतीने उत्तर आधीच तयार ठेवलं असावं, इतक्या पटकन ते आलं. "तोंड बंद करायचंय. बस. थंडीत बस स्टॉपवर स्कार्फ न बांधता उभं राहायचंय. कपातून चहा प्यायचाय, रुमाल न धरता. आणि एकदा लाल लिपस्टिक लावायचीय, सरळ, कडेपासून कडेपर्यंत."

"मग झालं तर."

"मग शिट्टी?"

"पहिल्यांदा तुला कुठे येत होती? नुसतं फू यायचं. किती महिने फू. थुंकी उडायची माझ्या तोंडावर. तरी मी दर फूला उत्तर द्यायचे."

"फूला पण?"

"फूला पण. पुन्हा तसंच करू. पहिल्यापासून."

क्रांती गुडघे सोडून उभी राहिली. मग म्हणाली, "जाते मी. पण आत्यासाठी नाही."

"आत्यांसाठी नाही," शीलाने मान्य केलं.

दोघी खाली आल्या तेव्हा भांडी घासून झाली होती. सिद्धांतने घासली होती, त्यामुळे ती नीट निघाली नव्हती. तो बहिणीपुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सॉरी यार. फोटो कॅन्सल. पाहिजे तर साखरपुडापण पुढे ढकलू." क्रांती म्हणाली, "अक्षता मारेल तुला," आणि त्यांचं मिटलं. आपली चूक झाली, असं आत्यांनी मात्र नोकरीत कधी म्हटलं नव्हतं आणि निवृत्तीनंतर सुरुवात करायचा त्यांचा विचार नव्हता. सोमवारी सगळे भरती करायला निघाले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मी घरीच थांबते. परत येईल तेव्हा तिला गुरगुट्या भात लागेल. तो काही दवाखान्यात मिळत नाही."

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर वृंदांनी बाहेर येऊन सांगितलं की जुनी शिवण उकलून स्नायू पुन्हा जोडलाय, कड सरळ बसलीय, नाकाचं थोडं काम आहे ते पुढच्या वर्षी बघू. दादाराव लक्ष देऊन ऐकत होते. ऑफिसातून हालहवाल विचारणारा फोन आला तेव्हा ते सिद्धांतच्या मोबाइलवर मोठ्याने म्हणाले, "ओठाला खाच होती. ती बुजवली." मग फोन ठेवून लेकीच्या खाटेजवळ जाऊन बसले. तिचा सुजलेला चेहरा बघून त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते अजिबात लपवलं नाही. क्रांतीला बोलायची मनाई होती. तिने त्यांच्या तळहातावर बोटाने 'ब' काढला, त्याला काना दिला, आणि पुन्हा तेच एकदा काढलं. दादारावांनी या शब्दाचा अनुवाद केला नाही. नुसती मूठ मिटून घेतली.

घरी सोडलं त्या दिवशी धुकं नव्हतं. गाडी सोसायटीत शिरली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत कोणीतरी उभं होतं आणि लगेच आत गेलं. क्रांती आईच्या हाताला धरून जिना चढू लागली. वरच्या ओठावर पांढऱ्या चिकटपट्ट्या, गाल अजून जड. मागून दादाराव उशी घेऊन आणि सिद्धांत बॅगा घेऊन. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर ती थांबली. पाय आपोआप थांबले. ओठ गोल करायला मनाई होती, आणि केले असते तरी त्यातून काही आलं नसतं. तिने आईकडे पाहिलं. आई इथेच होती, तिच्या शेजारी, बाहेर. आतून उत्तर द्यायला आज कोणीच नव्हतं.

दादाराव बेल वाजवायला पुढे सरकले. शीलाने त्यांच्या हातावर हात ठेवला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

जिन्यात शांतता होती. आणि मग बंद दाराआडून, स्वयंपाकघराच्या बाजूने, आवाज आला.

"फूऽऽ."

लांबलचक, कोरडी, निर्जीव हवा. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा, जास्त जोर लावून, "फूऽऽऽ," त्याच्यामागे काहीतरी खट्कन निसटल्याचा आवाज, आणि मुख्याध्यापिकेच्या खणखणीत स्वरात, "मेली कवळी!"

सिद्धांत पायरीवरच बसला. दादारावांनी उशीत तोंड खुपसलं. शीलाच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं आणि त्यातूनच ती हसत होती.

"हसू नकोस!" तिघंही एकदम क्रांतीवर ओरडले. "टाके!"

क्रांतीच्या पोटातून हसू वर येत होतं. तिने आईचा दंड दाबला आणि दाराकडे मान उडवली: फूला पण. शीलाने डोळे पुसले, ओठ ओले केले आणि लेकीच्या वतीने वाजवली. एक बुटका सूर, त्याच्यामागे एक उंच.

आत धडपडत चपला सापडल्या, कडी वाजली. हसू आता गळ्यापर्यंत आलं होतं. ते अडवायला क्रांतीने तोंड मिटलं, हळूच, टाके दुखणार नाहीत इतपत. नेहमीप्रमाणे डावीकडून गार हवा आत येईल म्हणून ती वाट बघत राहिली. हवा आली नाही. ओठाला ओठ लागला होता, कडेपासून कडेपर्यंत.